‘पाचशेचं टाक’वाल्यांनो, अ‍ॅव्हरेज काढताना या चुका टाळा

‘गाडीचं अ‍ॅव्हरेज पडलंय’ असं कुणी म्हणालं की मी आधी एवढंच विचारतो, काढलंस कसं? उत्तर ऐकल्यावर बहुतेक वेळा बॉनेट उघडायची गरजच उरत नाही. गाडी ठणठणीत असते, हिशोब आजारी असतो.

यातली सगळ्यात जुनी खोड म्हणजे पाचशेचं पेट्रोल टाकायचं, लाल दिवा लागेपर्यंत चालवायची आणि किलोमीटरला लिटरने भागून मोकळं व्हायचं. आमच्या कांदिवलीच्या सोसायटीतला एक मुलगा रोज जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडने पवईला जातो. बाराशे सीसीची पेट्रोल हॅचबॅक. सर्व्हिसिंग झाल्यावर याने पाचशेचं टाकलं, म्हणजे जेमतेम पावणेपाच लिटर, आणि पंचेचाळीस किलोमीटरवर दिवा पेटला. साडेनऊचं अ‍ॅव्हरेज! झालं, गॅरेजवाल्यांनी गाडीची वाट लावली म्हणून हा तिथे जाऊन भांडून आला. मग दुसऱ्या गॅरेजात इंजेक्टर साफ केले, चांगले असलेले प्लग बदलले. तरी आकडा तोच. शेवटी माझ्याकडे आला, ‘‘काका, गाडी विकूनच टाकतो.’’

मी विचारलं, दिवा लागला तेव्हा गाडी कुठे होती? तर उड्डाणपुलाच्या चढावर, ट्रॅफिकमध्ये अडकलेली. चढावर टाकीतलं पेट्रोल एका बाजूला जातं, पातळी मोजणारा तरंगता फ्लोट खाली बसतो आणि दिवा आधीच लागतो. टाकीत दीड लिटर शिल्लक असताना लागला असेल, तर त्याचं साडेनऊ प्रत्यक्षात साडेतेराच्या पुढे जातं. त्याला टाकी फुल करायला लावली, मीटरचा आकडा लिहून घेतला आणि पुढची फुल टाकी होईपर्यंत तोंड बंद ठेवायला सांगितलं. 386 किलोमीटर, 27.2 लिटर. म्हणजे 14.2. त्या रस्त्यावर, एसी लावून, याहून जास्त काय हवं? प्लगचे पैसे मात्र गेले ते गेलेच.

तेव्हा मोजायचं ते फुल टाकी ते फुल टाकी. मध्ये कुठे दोनशे-पाचशेचं टाकलं असेल तर तेही लिटरमध्ये मिळवायचं. आणि फुल म्हणजे नॉझल पहिल्यांदा आपोआप बंद पडतो तिथपर्यंतच. त्यानंतर पंपावरचा मुलगा ‘‘साहेब, राउंड फिगर करू?’’ विचारणारच. नाही म्हणायचं. झिरो बघायला सांगतात तेव्हा बघतो तसंच हेही सवयीने करायचं. वरून थेंब थेंब ओतलेलं पेट्रोल हिशोब तर बिघडवतंच, शिवाय टाकीतली वाफ शोषणाऱ्या कोळशाच्या डब्यात शिरलं तर तो खराब होतो. मी शक्यतो एकच पंप आणि तेच मशीन धरतो, कारण जागा जराशी उतरती असली तरी नॉझल वेगळ्या पातळीला बंद पडतो. एक लिटरची गफलत पंचवीस लिटरमध्ये चार टक्के होते, पाच लिटरमध्ये वीस. ज्यांना दोन दिवसांत निकाल हवा असतो त्यांना हे पटत नाही. त्यांनी खुशाल अंदाज बांधावेत, फक्त गॅरेजवाल्याशी भांडू नये.

माझं दुसरं दुखणं म्हणजे लोक किलोमीटर मोजतात, वेळ मोजत नाहीत. घोडबंदरला गाडी अर्धा तास जागच्या जागी उभी असते, तेव्हा किलोमीटर शून्य आणि एसीसह पेट्रोल जळतंच आहे. तीच गाडी सकाळी सहाला ईस्टर्न फ्रीवेवर घाला, दुसरीच गाडी वाटेल. म्हणून मी वहीत प्रत्येक टाकीसमोर सरासरी वेगही लिहितो, बहुतेक नव्या गाड्यांच्या डिस्प्लेवर तो दिसतो. माझ्या गाडीला ताशी पंधराच्या सरासरीला बारा मिळतं, तिशीच्या आसपास सतरा. वेग न लिहिता जुलैतली टाकी जानेवारीतल्या टाकीशी ताडून बघण्यात काही अर्थ नाही.

कंपनीच्या जाहिरातीतल्या आकड्याशी तर तुलना करूच नका. ती चाचणी प्रयोगशाळेत रोलरवर, एसी बंद ठेवून, ठरलेल्या वेगांवर होते. त्यात सायन सर्कल नसतं.

डॅशबोर्डवरचं अ‍ॅव्हरेज हा गाडीचा स्वतःबद्दलचा अंदाज आहे, बरेचदा जरा उदार. कल बघायला ठीक.

जुन्या वहीशी तुलना करताना इथेनॉल विसरू नका. लिटरमागे त्यात पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी ऊर्जा असते. वीस टक्के मिसळलेल्या पेट्रोलवर थोडी घट होणारच, ती मेकॅनिकच्या माथी मारू नका.

सीएनजीवाल्यांनी किलोमागचे किलोमीटर लिटरशी ताडू नयेत, किलोमीटरला किती रुपये पडले ते बघावं. आणि एका भरण्यावरून काहीच ठरवू नये. पंपावर प्रेशर कमी असलं किंवा सिलिंडर तापलेला असला की ‘फुल’ म्हणजेही अर्धवटच. महिन्याचे किलो एकत्र करा, गाडी सुरू होताना जळणारं पेट्रोलही धरा.

पावती जपून ठेवू नका, लगेच लिहून काढा. ग्लोव्ह बॉक्सच्या उकाड्यात ती कोरी होते.

एवढं करून, सरासरी वेग तोच असताना सलग तीन टाक्या आकडा घसरला, तर मात्र गाडीत काहीतरी आहे. आधी सकाळी गार टायरमध्ये हवा बघा. मग थोडं चालवून आल्यावर चारही चाकांजवळ हात नेऊन बघा, रिमला टेकवू नका. एकच चाक भलतं तापलं असेल तर ब्रेक चिकटतोय. गॅरेजात जाऊन तेवढंच सांगा, ‘फुल चेकअप’ म्हणू नका.