चढाला भिऊ नका, चिखलाला भ्या: पिट्सबर्ग ते वॉशिंग्टन, सायकलने

दादाने फोनवर पहिला प्रश्न विचारला, "घाट किती आहे?" कर्जतमध्ये वाढलेला माणूस दुसरं काय विचारणार? आमचे बाबा रेल्वेत गार्ड होते. मागून बँकर, म्हणजे ढकलणारं जादा इंजिन, लागल्याशिवाय गाडी खंडाळ्याला चढत नाही, हे आम्हा भावंडांना बाराखडीच्या आधीपासून ठाऊक. मी म्हटलं, "घाट आहे, पण रेल्वेचा आहे." दादा एकसष्टचा, तीस वर्षं सायकलला हात न लावलेला. गेल्या सप्टेंबरात आम्ही दोघं अमेरिकेतल्या माझ्या पिट्सबर्गच्या घरून निघालो आणि नवव्या दिवशी वॉशिंग्टनला पोचलो. तेव्हापासून नात्यातले, ओळखीतले इतके जण "आम्हालाही सांग ना कसं करायचं" म्हणतायत, की एकदाच बैजवार लिहून टाकते.

आधी वाट समजून घ्या. तिचे दोन तुकडे आहेत. पिट्सबर्ग ते कंबरलँड हा पहिला, सुमारे २४० किलोमीटरचा. याला ग्रेट अलेगेनी पॅसेज म्हणतात. आम्ही सगळे नुसतं 'गॅप' म्हणतो. हा बहुतेक जुन्या रेल्वेमार्गांवरून जातो. वेस्टर्न मेरिलँड रेल्वेने १९७५ मध्ये इथल्या गाड्या बंद केल्या, रूळ उखडले गेले आणि त्या जागी बारीक चुनखडीची खडी दाबून वाट केली. पहिला तुकडा १९८६ मध्ये ओहायोपाइलजवळ खुला झाला, अखेरचा २०१३ मध्ये. कंबरलँडपासून पुढे वॉशिंग्टनपर्यंत चेसापीक अँड ओहायो कालव्याचा काठ, २९७ किलोमीटर. खेचरं या काठावरून चालत कोळशाच्या होड्या ओढायची. १९२४ च्या पुरानंतर कालवा कायमचा बंद पडला. पुढे त्यावर मोटाररस्ता करायचं घाटत होतं, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती विल्यम डग्लस यांनी १९५४ मध्ये वर्तमानपत्राच्या संपादकांना "माझ्याबरोबर हा काठ चालून दाखवा" असं आव्हान दिलं आणि स्वतः चालले. रस्ता बारगळला. म्हणून आज साधारण ५४० किलोमीटर तुम्ही मोटारी जवळजवळ न पाहता जाऊ शकता. शहरातून निघताना आणि मधल्या गावांमध्ये थोडा रस्ता लागतो, तेवढंच.

आता चढाचं. आपल्या बोरघाटात रेल्वे ३७ मीटरला एक मीटर चढते. इथे सगळ्यांत तीव्र जागी सत्तावन्न मीटरला एक. तोही कंबरलँडच्या बाजूने, जिथे साधारण ३८ किलोमीटरमध्ये सव्वापाचशे-साडेपाचशे मीटर उंची गाठावी लागते. पिट्सबर्गच्या बाजूने जवळपास तेवढीच उंची दोनशे किलोमीटरमध्ये पसरलेली आहे. चढतोय हे पायांना कळतसुद्धा नाही. म्हणून माझं स्पष्ट मत: पिट्सबर्गहून निघा. उलटं जाणारेही असतात, त्यांचे चेहरे चढावरच्या फ्रॉस्टबर्ग गावाच्या आसपास पाहण्यासारखे असतात. आणखी एक फायदा म्हणजे मैलाचे दगड. गॅपचे दगड कंबरलँडपासून मोजलेत, कालव्याचे वॉशिंग्टनपासून. आपल्या दिशेने जाताना दोन्हीकडे आकडे उतरत जातात, आणि दमलेल्या माणसाला उतरता आकडा फार बरा वाटतो. (दगड मैलांचे आहेत, गुणिले १.६ करायची सवय लावून घ्या.)

कधी जायचं? मे-जून किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर. जुलै-ऑगस्टमध्ये नदीकाठी कोकणासारखं उकडतं आणि चिलटं डोळ्यात जातात. हिवाळ्यात वाटेतल्या बिग सॅव्हेज बोगद्याला दारं लावून तो बंद करतात आणि कालव्यावरच्या हातपंपांचे दांडेही काढून ठेवतात, तेव्हा तो विषयच नको.

सायकल महागडी लागत नाही. टायर मात्र ३५ ते ४० मिलिमीटर रुंद हवेत; शर्यतीच्या बारीक चाकांचं कालव्यावर काही खरं नाही. सामान पाठीवर अजिबात घेऊ नका. मागच्या कॅरियरला दोन्ही बाजूंना अडकवायच्या पिशव्या घ्या आणि सगळं मिळून बारा किलोच्या आत बसवा. मी स्वयंपाकघरातल्या काट्यावर एकेक वस्तू तोलली. दादाने लपवून आणलेलं नारळी पाकाच्या लाडवांचं डबडं तिथेच पकडलं गेलं (पाऊण किलो. राहू दिलं.) आणि एक नाजूक सूचना, जी मराठी घरांत कोणी देत नाही: गादीवाल्या सायकलच्या चड्डीच्या आत दुसरं काही घालायचं नसतं. आतल्या शिवणी सोलून काढतात. दादाला हे सांगताना मी लाजले, तो त्याहून लाजला, त्याने ऐकलं नाही आणि दुसऱ्या संध्याकाळी मुकाट्याने व्हॅसलीन मागितलं.

सराव दोन महिने पुरे. एका दिवसात किती जाता याला महत्त्व नाही. आज पन्नास किलोमीटर केल्यावर उद्या सकाळी त्याच सीटवर पुन्हा बसवतं का, ते पाहा. शनिवारी पन्नास, रविवारी चाळीस असं तीन-चारदा जमलं की निघा.

आमचे मुक्काम असे होते: वेस्ट न्यूटन, ओहायोपाइल, रॉकवुड, कंबरलँड, पॉ पॉ, हॅनकॉक, शेपर्ड्सटाउन, ब्रन्सविक आणि मग वॉशिंग्टन. रोज साधारण ३० ते ९० किलोमीटरच्या दरम्यान. पहिले दोन दिवस यॉकगेनी नदी सोबत करते. ओहायोपाइलला अर्धा दिवस जास्त ठेवा. धबधबा गावातच आहे आणि वाटेचे दोन उंच पूल नदीच्या वळणावरून जातात. मेयर्सडेलच्या आधी सॅलिसबरी व्हायाडक्ट हा दरीवरचा पूल लागतो, सुमारे ५८० मीटर लांब, खाली नदी, महामार्ग आणि चालू रेल्वे एकत्र. दादा तिथे मालगाडीची वाट बघत पाऊण तास थांबला. आली. डबे मोजून झाल्याशिवाय हलला नाही.

मेयर्सडेलनंतर ७२९ मीटर उंचीवर पाणलोटाची रेघ येते. तिथल्या छोट्या बोगद्यात भिंतीवर चढ-उताराचं चित्रच काढलंय. रेघेच्या अलीकडचं पाणी ओहायो-मिसिसिपीतून मेक्सिकोच्या आखाताला जातं, पलीकडचं पोटोमॅकमधून अटलांटिकला. दादा म्हणाला, "म्हणजे लोणावळाच की. इंद्रायणी तिकडे, उल्हास इकडे." इथे थांबून जाकीट घाला, दिवा लावा. लगेच पुढे बिग सॅव्हेज, जवळजवळ एक किलोमीटरचा बोगदा. आत दिवे असले तरी स्वतःचा हवाच, आणि आत फ्रीज उघडल्यासारखी हवा असते. बाहेर आलात की समोर डोंगरांच्या रांगा आणि तिथून कंबरलँडपर्यंत पाय हलवायचं जवळपास काम नाही. ब्रेक तेवढे आदल्या रात्री तपासा. आणि समोरून चढणाऱ्यांना वाट द्या, त्यांना तेवढंच सुख.

खरी परीक्षा कंबरलँडनंतर. कालव्याचा काठ मातीचा, कुठे खडीचा, झाडाच्या मुळांचा. कोरडा असेल तर झकास. आम्हाला पाचव्या दिवशी सकाळी पावसाने गाठलं. तासाभरात माझं मागचं चाक फिरेना. ढकलूनही सायकल हलेना. पाहिलं तर टायर आणि मडगार्ड यांच्यामध्ये पानं आणि गाळ यांचा घट्ट थर, शेणानं सारवल्यासारखा. काडीने निघेना, ती मोडायची. शेवटी थालीपिठासाठी घेतलेलं छोटं उलथनं बाहेर काढलं आणि तव्याची खरवड काढावी तसा मडगार्ड आतून खरवडला. दर दोन मैलांनी तेच. त्यावरून शिकलेलं सांगते: मडगार्ड आणि टायर यांच्यात दोन बोटं जातील इतकी जागा ठेवा, नाहीतर मडगार्ड घरीच काढा आणि पाठीवर चिखलाचा पट्टा सहन करा. साखळीला तेल रोज रात्री. पावसाच्या दिवशी ताशी दहा किलोमीटरचाच हिशेब धरा. आणि लिटल ऑर्लिअन्सपासून बिग पूलपर्यंत शेजारूनच वेस्टर्न मेरिलँड रेल ट्रेल नावाची ४५ किलोमीटरची डांबरी वाट जाते. ओलं असेल तर मानपान न बघता तिकडे वळा. काही कट्टर मंडळी याला फसवणूक मानतात. मानू देत.

पॉ पॉ बोगद्याबद्दल वेगळं सांगायला हवं. नदीची सहा मैलांची नागमोडी वळणं चुकवायला डोंगराच्या पोटातून कालवा नेला. १८३६ मध्ये सुरू केलेलं काम १८५० मध्ये संपलं, सुमारे साठ लाख विटा लागल्या. ९५० मीटर लांब, आत एकही दिवा नाही. डाव्या-उजव्याचा अंदाज येण्यापुरता लाकडी कठडा, पलीकडे काळं पाणी, पायाखाली खड्डे. इथे उतरून सायकल हातात धरून चालायचं, हेच बरोबर. कठड्यावर हात फिरवलात तर खाचा लागतात. होड्यांच्या दोरांनी घासून पडलेल्या.

पॉ पॉ हे एका फळाचं नाव. सप्टेंबरात निघालात तर काठावर पिकून पडलेलं दिसेल: बटाट्याएवढं, हिरवट, दाबल्यावर मऊ. दादाने एक फोडलं आणि बघतच राहिला. आत पिवळा गर आणि चकचकीत काळ्या चपट्या बिया. "अगं, हे तर सीताफळ!" खरंच त्याच कुळातलं आहे. चव मात्र केळं आणि आंबा एकत्र कुस्करल्यासारखी. चमच्याने खा, बिया आणि साल टाका, आणि पहिल्यांदा एकच खाऊन पाहा. काहींच्या पोटाला ते सोसत नाही.

राहायचं कुठे? गॅपवर गावं जवळजवळ आहेत, सायकलवाल्यांना सरावलेली छोटी घरगुती हॉटेलं मिळतात; ऑक्टोबरच्या शनिवार-रविवारसाठी दोन-तीन महिने आधी सांगून ठेवा. कालव्यावर तंबूच्या जागा फुकट आहेत, ठरावीक अंतराने, एका जागी एक रात्र. टेबल, शौचालय आणि हातपंप. पंपाचं पाणी आयोडीन घातलेलं, त्याला दवाखान्याची चव येते. लिंबाच्या सरबताची पूड बरोबर ठेवा. तंबू लावताना तीन-तीन पानांची वेल दिसली तर हात लावू नका, पॉयझन आयव्ही असते, आठवडाभर खाजवाल. रात्री गुडघ्यामागे, कमरेला गोचीड तपासा.

शाकाहारी माणसाचे हाल होत नाहीत, पण पिझ्झ्याचा कंटाळा येतो. पॉ पॉ ते हॅनकॉक या टप्प्यात दुकान मिळेलच असं धरू नका, फोनलाही बऱ्याच ठिकाणी रेंज नसते. कागदी नकाशा आणि एका वेळचं जेवण कायम पिशवीत. आम्ही मेतकूट, तयार भाजणी आणि पातळ पोहे नेले होते. पोह्यांवर गरम पाणी, मीठ, लिंबू, शेंगदाणे; स्टोव्ह तीन मिनिटं चालतो.

कालव्यावर ७४ लॉक आहेत, म्हणजे पाण्याचे जिने. दरवाजे बंद करून पाणी भरायचं किंवा सोडायचं, होडी साधारण अडीच मीटर वर किंवा खाली. आपण उतरत असतो, त्यामुळे प्रत्येक लॉकपाशी एक छोटासा उतार फुकट मिळतो. दादा नववा दिवस उजाडेपर्यंत ते मोजत होता. वॉशिंग्टनजवळ गर्दी वाढते, ग्रेट फॉल्सपाशी पायी फिरणारे खूप असतात, तिथे घंटी वाजवत हळू जा. शून्य मैलाचा दगड जॉर्जटाउनमध्ये एका बोटक्लबच्या मागे आहे. शोधल्याशिवाय सापडत नाही.

परतीची सोय सगळ्यांत आधी करा, निघायच्या तारखेच्याही आधी. आमट्रॅकच्या, म्हणजे इथल्या प्रवासी रेल्वेच्या, गाडीत सायकलचे भाग सुटे न करता ती टांगता येते, पण जागा मोजक्याच असतात आणि त्यांचं आरक्षण वेगळं. गाडी वॉशिंग्टनहून दुपारनंतर सुटते आणि पिट्सबर्गला मध्यरात्रीच्या सुमारास पोचते. कंबरलँड सोडेपर्यंत अंधार पडला होता आणि दादा खिडकीला डोकं टेकून झोपला होता. मेयर्सडेलच्या अलीकडे इंजिनाचा आवाज जड झाला, तसे त्याचे डोळे उघडले.

"चढ लागला," तो म्हणाला, आणि पुन्हा झोपला.