कमी उजेडात फोटो बिघडतात? आयएसओला घाबरणं सोडा आणि या चुका टाळा

थंडीतल्या पहाटे साडेपाचला तर्री-पोह्यांच्या टपरीवर काढलेला एक फोटो मित्राने पाठवला. सोबत प्रश्न होता, "लेन्स बदलू का?" मी फोटो मोठा करून पाहिला. पातेलं शार्प होतं, डोक्यावरचा बल्ब शार्प होता, मागच्या भिंतीचे पोपडेही मोजता येत होते. तर्री वाढणारा हात तेवढा फराट्यासारखा पसरला होता. लेन्सचा काहीच दोष नव्हता. शटर १/१५ वर होतं, म्हणजे सेकंदाच्या पंधराव्या भागाइतका वेळ उघडं, आणि आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपण्याची संवेदनशीलता, ४०० वर अडकवून ठेवला होता.

म्हणून नवीन काही विकत घेण्याआधी बिघडलेला फोटो स्क्रीनवर पूर्ण मोठा करून नीट बघा. सगळ्या चौकटीतले दिव्यांचे ठिपके एकाच दिशेने ओढल्यासारखे दिसत असतील, तर कॅमेरा हलला आहे. मागचं सगळं स्पष्ट आणि माणूस तेवढा फराट्यासारखा ओढलेला असेल, तर माणूस हलला आहे. माणसावर फराटा नाही, तो नुसताच सगळीकडून पुसट आहे, पण त्याच्या मागची पाटी लख्ख दिसत असेल, तर फोकस चुकला आहे. तिन्हींचे उपाय वेगळे आहेत. लेन्समधलं स्टॅबिलायझेशन, म्हणजे हाताचा थरकाप सावरणारी सोय, फक्त पहिल्या दुखण्यावर चालतं. समोरचा हात ते थांबवू शकत नाही, आणि नेमका इथेच बहुतेकांचा घोळ होतो.

हात हलण्यावर जुना हिशेब अजूनही कामाचा आहे. लेन्स ५० मिमीची असेल तर शटर निदान १/५० हवं, आणि कॅमेऱ्याचा सेन्सर लहान, एपीएस-सी आकाराचा असेल तर १/८०. भिंतीला टेका, कोपरं अंगाशी घ्या, दोन-तीन फोटो सलग काढा. मधला बहुधा बरा येतो. माणसं हलत असतील तर हा हिशेब पुरत नाही. रमत चालणाऱ्या माणसाला १/१२५ लागतं. रामनवमीच्या शोभायात्रेत ढोल वाजवणारे हात पकडायचे तर १/२५० च्या खाली उतरू नका.

एवढं शटर आणायचं कुठून? आयएसओ वाढवून. "दाणे येतात", म्हणजे फोटो खरखरीत दिसतो, या भीतीपोटी लोक आयएसओ वाढवत नाहीत, आणि मला विचाराल तर कमी उजेडातली सगळ्यात महाग चूक हीच. आयएसओ ४०० वरून ३२०० केला की शटर १/१५ वरून थेट १/१२५ वर येतं. दाणे सॉफ्टवेअरने कमी करता येतात, मोबाइलच्या स्क्रीनवर तर ते जाणवतही नाहीत. हललेला हात मात्र नंतर सरळ करता येत नाही. कमी आयएसओवर काळपट फोटो काढून घरी उजळवण्याचा मार्गही फसवा आहे, कारण सावल्यांमधले दाणे तेव्हाच जास्त उसळून वर येतात. मित्राने पुढच्या रविवारी त्याच टपरीवर ३२०० वर फोटो काढला. त्यात पळीच्या टोकाला लोंबणारा तर्रीचा थेंबसुद्धा दिसतो.

त्या टपरीवर आणखी एक गोष्ट शिकता येते. पातेल्यातून उठणारी वाफ पुष्कळ जण फ्लॅश मारून टिपायला जातात आणि हाती पांढरं धुकं लागतं. वाफ उजळते ती मागून येणाऱ्या उजेडात. तेव्हा बल्ब वाफेच्या मागे येईल आणि त्यामागे अंधार राहील, अशा जागी उभे राहा. उजेड बाजूने येत असेल तर तर्रीवरचा लाल तवंगही चमकतो. फ्लॅश समोरून पडला की तो तवंग मेल्यासारखा दिसतो. सेटिंगच्या आधी जागा बदलून बघायची सवय लावाच.

लांब उभं राहून झूम करणं हीसुद्धा चूकच. कॅमेऱ्यासोबत मिळणाऱ्या १८-५५ च्या किट लेन्सवर ५५ ला गेलात की अ‍ॅपर्चर, म्हणजे उजेड आत येण्याचं छिद्र, एफ/५.६ वर येतं (हा आकडा जितका मोठा, तितकं छिद्र लहान). ५० मिमी एफ/१.८ ची लेन्स त्याच्या जवळजवळ दहापट उजेड आत घेते. मात्र एफ/१.८ वर जवळून चेहरा टिपताना डोळा शार्प आणि कान पुसट होतो. दोघं मागेपुढे बसले असतील तर अ‍ॅपर्चर २.८ किंवा त्याहून थोडं बंद करा.

नागपूरच्या दीक्षाभूमीच्या स्तूपाचा रात्रीचा फोटो अनेकांचा फसतो, आणि दोष कॅमेऱ्यातल्या उजेड मोजणाऱ्या मीटरचा असतो. चौकटीत काळं आकाश जास्त असल्यामुळे कॅमेऱ्याला सगळंच अंधारलेलं वाटतं आणि तो एक्स्पोजर, म्हणजे फोटोचा उजळपणा, वाढवतो. मग पांढरा घुमट जळून सपाट होतो. हा उजळपणा हाताने कमी-जास्त करणारं एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन उणे एकवर न्या आणि हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतल्या उजेड-अंधाराचा आलेख, बघा. अंधारात कॅमेऱ्याची स्क्रीन उजळ वाटते, तिच्यावर विसंबू नका. अशोक विजयादशमीला गेलात तर वंदना करणाऱ्यांच्या तोंडावर फ्लॅश मारू नका. लोक तिथे श्रद्धेने आलेले असतात.

नागपूरच्याच फुटाळा तलावावर सूर्य बुडाला की लोक कॅमेरा बॅगेत टाकतात. खरा वेळ त्यानंतरची वीसेक मिनिटं असतो. तेव्हा आकाश निळं असतं, दिवे लागलेले असतात आणि पाण्यात दोन्ही उतरतात. डिसेंबरात साडेपाचच्या आधीच जागेवर हजर राहा. ट्रायपॉड लावलात तर स्टॅबिलायझेशन बंद करा आणि दोन सेकंदांचा टायमर वापरा, कारण बटण दाबण्याच्या धक्क्यानेही फोटो हलतो.

रामटेकला त्रिपुरी पौर्णिमेच्या पणत्या टिपताना व्हाइट बॅलन्स, म्हणजे फोटोतल्या रंगांची छटा ठरवणारी सेटिंग, ऑटोवर ठेवला, तर तो त्यांचा केशरी रंग फिका करून टाकतो. डेलाइटवर ठेवा. रॉमध्ये, म्हणजे सेन्सरची माहिती जशीच्या तशी ठेवणाऱ्या फाइलमध्ये, काढलात तर रंग नंतरही सुधारता येतो.

फोटोत आडवे काळे पट्टे येत असतील तर तो एलईडीचा लुकलुकाट आहे. आपल्याकडे वीज ५० हर्ट्‌झची, म्हणून असे दिवे सेकंदाला शंभरदा कमीजास्त होतात. शटर १/१०० किंवा १/५० ठेवलं की पट्टे बहुतेक जातात.

मोबाइलवाल्यांनी नाइट मोडमध्ये फोन पूर्ण स्थिर धरावा. तो अनेक फोटो एकावर एक जोडतो, त्यामुळे पळणाऱ्या मुलाची दोन डोकी उमटू शकतात. अशा वेळी साधा मोड बरा. अंधारात टेलिफोटोचं बटण दाबलं तरी बरेच फोन गुपचूप मुख्य कॅमेऱ्याचाच फोटो कापून मोठा करतात. त्यापेक्षा दोन पावलं पुढे जा. आणि फोटो काढण्याआधी लेन्सवरचा बोटाचा ठसा सुती रुमालाने पुसा. दिव्यांभोवती पसरणाऱ्या लांब रेघा बहुतेक वेळा त्या तेलकट ठशाच्याच असतात.