प्रथिनाच्या घडणीवरून त्याचे काम कसे ओळखावे : टेथरिनचे उदाहरण

विषाणूविरोधी प्रथिनांविषयी वाचताना ‘रचनेवरून कार्य ठरते’ हे विधान हमखास भेटते. ते घरबसल्या पडताळायचे तर टेथरिन निवडावे. टेथर म्हणजे गुरे बांधायचे दावे. एचआयव्हीचे नवे कण पेशीतून सुटू लागले की हे प्रथिन त्यांना पेशीच्या पृष्ठभागाशीच जखडते.

प्रथम युनिप्रॉट या प्रथिनांची माहिती देणाऱ्या मोफत संकेतस्थळावर क्यू१०५८९ हा क्रमांक शोधावा. १८० अमिनो आम्लांच्या (प्रथिनाच्या साखळीतल्या दुव्यांच्या) या नोंदीत छोटी शेपटी पेशीच्या आत, तिच्यालगतचा भाग पेशीपटलातून आरपार, मधला लांब भाग बाहेर आणि शेवटचे टोक जीपीआय या स्निग्ध नांगराने पुन्हा पटलातच रोवलेले दिसते. इथे घाई करू नये, कारण सारे मर्म इथेच आहे. विषाणूचा कण बाहेर पडताना पेशीचेच पटल पांघरून जातो. त्यामुळे टेथरिनचे एक टोक त्या पांघरुणात जाते आणि दुसरे पेशीतच राहते, जसे दाव्याचे एक टोक जनावराच्या गळ्यात आणि दुसरे खुंट्याला.

मग प्रोटीन डेटा बँकेत बीएसटी-२ या टेथरिनच्याच दुसऱ्या नावाने त्रिमितीय रचना उघडावी. तिथे केवळ मधला भाग दिसतो, पटलात रुतणारी दोन्ही टोके नसतात, हे विसरू नये. दोन साखळ्या दोरीच्या पदरांसारख्या एकमेकींना पीळ देतात. पेशीबाहेरचा हा दांड्यासारखा भाग सुमारे १७ नॅनोमीटर लांब असतो. ५३, ६३ आणि ९१ या स्थानांवरचे सिस्टीन (गंधक असलेले अमिनो आम्ल) शोधावेत. तिन्ही बदलले तर साखळ्यांना जोडणारे डायसल्फाइड बंध (दोन गंधक अणूंमधले बंध) जुळत नाहीत आणि एचआयव्ही निसटतो. एक जरी शाबूत राहिला तरी काम भागते.

आता विचारावे: आकार महत्त्वाचा की अमिनो आम्लांचा क्रम? २००९ साली संशोधकांनी तीन असंबंधित प्रथिनांचे तुकडे जोडून कृत्रिम टेथरिन रचले. क्रम सर्वस्वी वेगळा, घडण तीच; तरीही त्याने विषाणू अडवला.

विषाणू मात्र क्रम ओळखतो. एचआयव्ही-१ चे व्हीपीयू प्रथिन टेथरिनच्या पटलातल्या भागाला धरून त्याला निष्प्रभ करते. एसआयव्ही या एचआयव्हीच्या माकडांमधल्या भाऊबंदांपैकी अनेकांचे नेफ हे प्रथिन पेशीच्या आतल्या शेपटीला धरते. तिथली पाच अमिनो आम्ले मानवी टेथरिनमधून गळालेली असल्याने नेफची पकड बसत नाही. युनिप्रॉटवरच्या तुलनेच्या सोयीत माणूस आणि ऱ्हीसस माकड यांचे क्रम एकाखाली एक लावावेत; सुरुवातीलाच ती पाच अक्षरांची रिकामी जागा डोळ्यांना दिसते.