व्हिक्टोरियन घर आतून दुरुस्त करताना: भिंतीला चुनाच लावा

इंग्लंडमधलं सव्वाशे-दीडशे वर्षांचं विटांचं घर आतून दुरुस्त करायचं असलं, तरी पहिले पैसे बाहेर घाला. तुंबलेल्या पन्हळी मोकळ्या करा. भिंतीलगतची माती आतल्या जमिनीच्या किमान १५० मिमी खाली आणा, लाकडी जमिनीखाली वारा जाणाऱ्या जाळ्या उघडा. वायरिंग, पाइप आधीच उरकून घ्या.

ओल मोजायचा मीटर टेकवून 'भिंतीत ओल अडवणाऱ्या रसायनाचं इंजेक्शन मारावं लागेल' म्हणणाऱ्याला चहा पाजा आणि वाटेला लावा. तो मीटर विजेचं वहन मोजतो. भिंतीत क्षार असले तरी आकडा चढतोच.

आता गिलावा. मला सगळ्यात जास्त छळलं ते यानंच. या भिंती बहुधा नऊ इंची, भरीव, मध्ये पोकळी नसलेल्या. त्या पाणी पितात आणि सोडतात. वर सिमेंट किंवा प्लॅस्टिकचा रंग चढवला की पाणी आत अडकतं, पोपडे सुटतात. जिप्सम तर ओलीनं मऊच पडतं. म्हणून चुनाच. आपल्याकडच्या जुन्या वाड्यांच्या गवंड्यांना यात नवं काही वाटणार नाही.

बोटाच्या पेरानं भिंत वाजवा. बद्द वाजेल तेवढाच गिलावा काढा. सगळी भिंत सोलू नका. विटांचे सांधे ब्रशनं झाडा, आदल्या संध्याकाळी भिंत भिजवा, सकाळी पुन्हा. कोरडी वीट मालातलं पाणी ओढून घेते आणि थर हातात येतो. हायड्रॉलिक चुना (पाण्यानं घट्ट होणारा, '३.५' ताकदीचा) एक भाग, भरड धारदार वाळू अडीच भाग. पहिला थर ८-१० मिमी, जरा आवळला की तिरप्या रेघा ओढा. दुसरा थर कधी? नख दाबून खूण उठली नाही की. कॅलेंडर बघू नका. बारीक भेगा पडणारच. थर ओलसर असताना पाणी शिंपडून लाकडी रंध्यानं दाबून घासा. शेवटी २-३ मिमी नीरू, म्हणजे बारीक चुन्याचा गुळगुळीत थर.

हीटर लावून वाळवायची घाई तर अजिबात नको. ओलं गोणपाट टांगा, दिवसातून दोनतीनदा फवारा मारा. थंडीत पारा ५ अंशांखाली जाणार असेल तर काम पुढे ढकला. आणि चष्मा, हातमोजे घालाच. चुना डोळ्यात गेला तर भरपूर पाण्यानं धुवत राहा आणि तडक हॉस्पिटल गाठा. रंग चुन्याचाच द्या.

दारं-चौकटींच्या जुन्या रंगात शिसं असतं असंच धरून चाला: कोरडं घासू नका, हीट गन नको. छतावर खरबरीत नक्षीचा लेप असेल तर खरवडण्याआधी ॲस्बेस्टॉसची तपासणी करून घ्या. जमिनीच्या फळ्यांचे खिळे ठोकून आत घाला, मग घासून तेल द्या. भिंतीतली जुनी शेगडी बंद करायची असेल तर धुराड्याला वारा जायला छोटी जाळी सोडा, नाहीतर नव्या चुन्यावर तिथेच डाग उमटतील.