ज्युदो शिकायला येताय? आधी हात तयार करा

मी ज्युदोत आलो तो कुस्तीच्या तालमीतून. वय सोळा, त्यातली सहा वर्षं मातीत गेलेली. क्रीडा संकुलातल्या हॉलमध्ये पहिल्याच आठवड्यात सरांनी मला आठ किलोनं हलक्या मुलासमोर उभं केलं. मी सवयीनं खाली वाकलो आणि त्याचा पट काढला. सरांनी लगेच थांबवलं. "उभ्या झुंजीत पायाला हात लावायचा नाही." २०१० पासून हा नियम कडक होत गेला आणि २०१३ पासून त्यावर पूर्ण बंदी आहे. माझा सगळ्यात भरवशाचा डाव एका वाक्यात गेला. मग त्या मुलानं माझी बाही आणि कॉलर धरली आणि पाच मिनिटांत मला तीनदा पाठीवर टाकलं.

ताकद माझी जास्त होती. तरी असं का झालं, हे समजायला मला दोन वर्षं लागली. तालमीतून किंवा थेट शाळेतून ज्युदोकडे वळणाऱ्या मुलामुलींनी तेवढा वेळ घालवू नये, म्हणून हे लिहितोय.

कुस्तीत अंगाला अंग भिडतं. ज्युदोत मध्ये कापड असतं, आणि सगळा खेळ त्या कापडाचा आहे. उजव्या हाताचा खेळाडू साधारणपणे उजव्या हातानं समोरच्याची कॉलर धरतो आणि डाव्या हातानं त्याची उजवी बाही, कोपराच्या आसपास. कॉलरचा हात उचलतो आणि दिशा देतो, बाहीचा हात ओढतो. जपानीत या पकडीला 'कुमिकाता' म्हणतात. ज्याची पकड आधी बसली, त्याचा डाव निम्मा झाला. त्या मुलानं माझी उजवी बाही खाली दाबून ठेवली होती, म्हणजे माझा उजवा हात असून नसल्यासारखा होता. मी त्या हातानं काही करायला जायचो आणि माझा तोल आपोआप पुढे जायचा. तो फक्त त्या क्षणाची वाट बघत होता.

ज्युदोचे जनक जिगोरो कानो यांनी १८८२ साली टोकियोत कोदोकान ही ज्युदोची शाळा सुरू केली. तिथं फेकीचे तीन भाग शिकवले जातात : तोल काढणं म्हणजे कुझुशी, जागेवर शिरणं म्हणजे त्सुकुरी, आणि प्रत्यक्ष फेक म्हणजे काके. नवीन मुलं फेकीच्या मागे लागतात, कारण दिसते ती फेक. आमच्याकडच्या धोबीपछाडशी मिळतीजुळती सेओई-नागे मला तिसऱ्या आठवड्यातच येत होती, पण सामन्यात एकदाही लागत नव्हती. तोल न काढता मी पाठ वळवत होतो, आणि पाठ वळवलेल्या माणसाला मागून खाली बसवणं अगदी सोपं असतं.

आता शरीराचं. सामना चार मिनिटांचा असतो, पुरुषांचा आणि महिलांचाही. चार मिनिटं ऐकायला किरकोळ वाटतात. पंच 'हजिमे' म्हणजे 'सुरू' म्हणतो, वीस-तीस सेकंद जीव तोडून ओढाताण होते, मग 'माते' म्हणजे 'थांबा', काही सेकंद गी, म्हणजे ज्युदोचा जाड पोशाख, नीट करायला, की पुन्हा हजिमे. दम लागतोच, पण दमाआधी संपतात त्या पोटऱ्या नव्हे, मनगटापासून कोपरापर्यंतचे हात. राज्य स्पर्धेतली माझी पहिली उपांत्य फेरी मला नीट आठवते. तिसऱ्या मिनिटाला मी बाही धरली होती आणि बोटं आपोआप उघडत होती. मी बघत होतो, मुठीतून कापड निसटत होतं आणि मला ती मूठ मिटता येत नव्हती. छातीत श्वास शिल्लक होता, हातात काही नव्हतं. पुढच्या ओढीला मी पडलो.

त्यानंतर सरांनी माझा व्यायाम बदलला. बारवर जुनी गी टाकायची आणि तिच्या दोन्ही बाह्या धरून लटकायचं. आधी नुसतं, मग पुल-अप्स. दोरीचा मल्लखांब येत असेल तर सोडू नका, पकडीसाठी त्यासारखं दुसरं काही मी पाहिलेलं नाही. खिडकीच्या गजाला सायकलची जुनी ट्यूब बांधून रोज शंभर-दोनशे उचिकोमी, म्हणजे फेक पूर्ण न करता नुसतं आत शिरणं. जोर-बैठका होत्याच.

वेळेचा अंदाज बांधून ज्युदो खेळता येत नाही, हेही लक्षात ठेवा. पॅरिस ऑलिंपिकमध्ये आपली तुलिका मान क्यूबाच्या इदालिस ओर्तिझसमोर २८ सेकंदांत हरली. राष्ट्रकुल रौप्यपदक जिंकलेली खेळाडू, आणि समोर माजी ऑलिंपिक विजेती. दुसरं टोक डिसेंबर २०२० चं. जपानच्या ऑलिंपिक निवडीसाठी हिफुमी आबे आणि जोशिरो मारुयामा कोदोकानमध्ये समोरासमोर आले, आणि ती लढत २४ मिनिटं चालली. बरोबरी झाली की 'गोल्डन स्कोअर' सुरू होतो आणि त्याला वेळेची मर्यादा नाही. पहिल्या सेकंदाला सावध आणि विसाव्या मिनिटाला ताजं, दोन्ही लागतं. आबेनं ती लढत जिंकली आणि पुढच्या वर्षी टोकियोत सुवर्णही.

डावपेचात नवख्यांना सर्वात महाग पडतात ते शिदो, म्हणजे ताकीद. नुसता बचाव केला, मॅटच्या बाहेर पाऊल टाकलं, समोरच्याच्या बाहीत आतून बोटं घातली, खोटा हल्ला केला, की शिदो. तीन झाले की सामना गेला. पकड बसली की गप्प उभं राहू नका, लगेच काहीतरी करा. डावखुरा समोर आला तर दोघांचे कॉलरचे हात एकमेकांना आडवे येतात आणि नेहमीची बाही हाताला लागतच नाही. आमच्या हॉलमध्ये एकच डावखुरी मुलगी होती आणि स्पर्धेच्या आधी आम्ही सगळे तिच्याशी सराव करायला रांग लावायचो. तुमच्याकडे असा कुणी असेल तर त्याला सोडू नका.

वजन उतरवण्याच्या नादी पहिल्या दोन वर्षांत लागू नका. मी एकदा खालच्या गटात बसण्यासाठी दोन दिवस पाणी तोडलं होतं. वजन बसलं, पण दुसऱ्या दिवशी पहिल्याच सामन्यात पकड गेली. वाढत्या वयात तर हे करूच नये, आणि कुणी करायला सांगितलं तर घरी सांगा.

सगळ्यात आधी मात्र पडायला शिका. हनुवटी छातीला, तळहात आणि पूर्ण हात मॅटवर सपाट आपटायचा, आणि काही झालं तरी जमिनीवर हात टेकून स्वतःला सावरायचं नाही. कोपर आणि खांद्याचं हाड तिथंच जातं. आमच्याकडे पहिला महिनाभर नुसतं हेच चालायचं आणि निम्मी मुलं कंटाळून जायची. जी राहिली ती आजही खेळतायत.

गळा आवळला गेला किंवा कोपर ताणलं गेलं तर लगेच दोनदा थोपटा, समोरच्याच्या अंगावर किंवा मॅटवर, म्हणजे तुम्ही हार मानली हे कळतं. त्यात लाज वाटायचं काही नाही. सरावात मी आजही थोपटतो. आणि पहिल्या दिवशी येताना हातापायाची नखं कापून या, सोबत बोटांना गुंडाळायला चिकटपट्टी आणा. बाहीच्या जाड कापडात बोटांची सालं निघतात, पहिल्या आठवड्यात तर नक्कीच.