एक्सेलच्या तक्त्यातून रकाना काढताना

एक्सेलमध्ये रकाना निवडून कळफलकावरील डिलीट ही कळ दाबली, तर रकाना जात नाही. त्यातील मजकूर तेवढा पुसला जातो आणि रिकामी पट्टी जागच्या जागी राहते. रकाना समूळ काढायचा असेल तर ती आज्ञा वेगळी आहे, आणि ती देण्यापूर्वी त्या रकान्यावर कोणकोणती सूत्रे विसंबून आहेत हे पाहावे लागते. काढण्याचे काम दोन क्षणांचे असते. खरा वेळ या पाहणीला द्यायचा असतो.

उदाहरणासाठी एका गृहनिर्माण संस्थेची मासिक आकारणीची यादी घेऊ. पडद्यावर रकान्यांची अक्षरे रोमन लिपीत दिसतात, येथे ती नागरीत लिहिली आहेत. ए मध्ये अनुक्रमांक, बी मध्ये सदनिका क्रमांक, सी मध्ये सभासदाचे नाव, डी मध्ये मोबाइल क्रमांक, ई मध्ये मागील थकबाकी, एफ मध्ये देखभाल शुल्क, जी मध्ये पाणीपट्टी, एच मध्ये वाहनतळ शुल्क आणि आय मध्ये एकूण रक्कम आहे. आता समजा, पाणीपट्टी देखभाल शुल्कातच समाविष्ट करण्याचे ठरले आणि जी रकान्याची गरज उरली नाही.

प्रथम आय रकान्यातील एखाद्या सेलवर जाऊन वरच्या सूत्रपट्टीत काय लिहिले आहे ते वाचावे. तेथे ‘ई४ अधिक एफ४ अधिक जी४ अधिक एच४’ अशी एकेका सेलची बेरीज मांडलेली असेल, तर जी रकाना काढताक्षणी आय रकान्यात वरपासून खालपर्यंत ‘रेफ’ची, म्हणजे संदर्भ तुटल्याची, चूक उमटेल, कारण सूत्राने नाव घेऊन बोलावलेला सेलच आता अस्तित्वात नाही. त्याऐवजी ‘सम’ हे फलन वापरून ई४ ते एच४ असा पल्ला दिलेला असेल, तर एक्सेल तो पल्ला आपणहून आखडून ई४ ते जी४ असा करते आणि बेरीज सुरळीत राहते. म्हणून चूक उमटल्यावर सूत्रे दुरुस्त करत बसण्यापेक्षा आधी बेरजेचे सूत्र ‘सम’मध्ये बदलून घ्यावे, ते खालपर्यंत ओढावे आणि मगच रकान्याला हात लावावा.

यादी मोठी असेल तर एकेक सूत्र वाचणे शक्य नसते. अशा वेळी रकाना निवडून कंट्रोल आणि उजवा चौकोनी कंस या कळा एकत्र दाबल्या, की त्याच पानावरील जे सेल त्या रकान्याचा थेट आधार घेतात ते सगळे निवडले जातात. दुसऱ्या पानावरील सूत्रे मात्र यात दिसत नाहीत. त्यासाठी रकान्यातील एका सेलवर उभे राहून फॉर्म्युलाज या टॅबमधील ‘ट्रेस डिपेंडंट्स’ दाबावे. दुसऱ्या पानाशी संबंध असल्यास तुटक काळा बाण आणि पानाचे लहान चिन्ह दिसते.

आता प्रत्यक्ष काढणे. जी या अक्षरावर, म्हणजे रकान्याच्या शीर्षावर, उजवी कळ दाबून ‘डिलीट’ निवडावे. किंवा शीर्षावर एकदा टिचकी मारून कंट्रोल आणि वजाची कळ दाबावी. होम टॅबमध्ये डिलीटच्या बाणाखाली ‘डिलीट शीट कॉलम्स’ हाही तोच मार्ग आहे. पूर्ण रकाना निवडलेला नसताना कंट्रोल-वजा दाबले, तर एक लहान खिडकी उघडून उरलेले सेल डावीकडे सरकवायचे की वर, असे विचारते. तेथे घाईने होकार दिला की काही आकडे शेजारच्या रकान्यात किंवा वरच्या ओळीत सरकतात, आणि वर सरकले तर एका सभासदाची थकबाकी दुसऱ्याच्या नावापुढे जाऊन बसते. ती खिडकी उघडलीच तर ‘एन्टायर कॉलम’ हा पर्याय निवडावा.

रकाना निवडण्यासाठी कंट्रोल आणि स्पेसबार हा मार्ग पुष्कळांच्या हातात बसलेला असतो, परंतु आपल्याकडच्या याद्यांमध्ये तो हमखास दगा देतो. कारण साधे आहे: पहिल्या ओळीत संस्थेचे नाव ठळक अक्षरांत, ए पासून आय पर्यंतचे सेल ‘मर्ज’ करून लिहिलेले असते. अशा पानावर जी रकान्यात उभे राहून कंट्रोल-स्पेस दाबले, की त्या जोडलेल्या शीर्षकामुळे निवड पसरून ए ते आय हे नऊही रकाने निवडले जातात, आणि पाठोपाठ कंट्रोल-वजा दाबले की सगळी यादी जाते. मीही एकदा हे केले आहे आणि कोरे पान पाहून क्षणभर फाइलच बिघडली असे समजलो होतो. शीर्षाच्या अक्षरावर टिचकी मारली तर मात्र तेवढा एकच रकाना निवडला जातो. शीर्षक मध्यभागी हवे असेल तर सेल जोडण्याऐवजी ‘फॉरमॅट सेल्स’मधील अलाइनमेंटखाली ‘सेंटर अक्रॉस सिलेक्शन’ निवडावे. दिसायला फरक पडत नाही आणि हा घोळही टळतो. मॅकवर मराठीसाठी दुसरा कळफलक बसवलेला असेल तर कंट्रोल-स्पेसने बहुधा भाषाच बदलते, त्यामुळे तेथेही शीर्षावर टिचकी मारणेच बरे.

एकाहून अधिक रकाने काढायचे असल्यास कंट्रोल दाबून धरून प्रत्येकाच्या शीर्षावर टिचकी मारावी आणि सगळे एकदमच काढावेत. एकेक काढायचेच असतील तर उजवीकडून सुरुवात करावी, कारण डी काढला की जी चा एफ होतो आणि कागदावर लिहून ठेवलेली अक्षरे चुकीची ठरतात.

‘रेफ’ची चूक निदान दिसते तरी, व्हीलुकअप या, यादीत नोंद शोधून त्याच ओळीतील मागितलेल्या रकान्याची किंमत आणून देणाऱ्या फलनातील चूक दिसतच नाही. समजा, पावत्यांच्या पानावर सदनिका क्रमांक टाकताच देखभाल शुल्क यावे म्हणून मूळ नऊ रकान्यांच्या यादीतील बी ते आय हा पल्ला देऊन त्यातील पाचवा रकाना मागितला आहे. बी पासून मोजल्यास पाचवा म्हणजे एफ, अर्थात देखभाल शुल्क. आता कोणी मोबाइल क्रमांकाचा डी रकाना काढला. पल्ला आपोआप लहान झाला, परंतु सूत्रातील ५ हा आकडा हाताने लिहिलेला असल्यामुळे तसाच राहिला. परिणामी पाचव्या जागी आता पाणीपट्टी आली आणि प्रत्येक पावतीवर देखभाल शुल्काच्या जागी पाणीपट्टीची रक्कम छापली गेली. कोठेही चूक दाखवली जात नाही, कोठेही लाल खूण नाही. एकूण रकमेसाठी आठवा रकाना मागितला असेल तर मात्र पल्ल्यात सातच रकाने उरल्यामुळे ‘रेफ’ दिसेल. दोहोंपैकी ही चूक मी सुदैवी मानतो. यावर उपाय म्हणून आकड्याच्या जागी ‘मॅच’ हे फलन वापरून शीर्षकावरून रकाना शोधावा, किंवा एक्सेल २०२१ अथवा ३६५ असेल तर एक्सलुकअप वापरावे, ज्यात रकान्याचा क्रमांक लिहावाच लागत नाही.

आणखी एक नेहमीचा प्रसंग असा, की नाव आणि आडनाव अशा दोन रकान्यांवरून तिसऱ्यात पूर्ण नाव जोडलेले असते आणि आता पहिले दोन नको असतात. ते तसेच काढले तर तिसराही निकामी होतो. म्हणून आधी तिसरा रकाना कॉपी करून त्याच जागी कंट्रोल-ऑल्ट-व्ही दाबावे आणि ‘व्हॅल्यूज’ निवडून चिकटवावे. सूत्र जाऊन केवळ नावे उरतात, मग मूळ रकाने निर्धास्तपणे काढता येतात.

रकाना काढल्यावर लगेच कंट्रोल-एफ दाबून पर्यायांत ‘वर्कबुक’ आणि ‘फॉर्म्युलाज’ निवडावे व हॅशसह रेफ आणि उद्गारचिन्ह शोधावे. काही सापडले तर कंट्रोल-झेड. फाइल बंद केली की हा मार्ग बंद होतो, आणि मॅक्रो, म्हणजे साठवलेल्या आज्ञांची मालिका, चालवल्यावरही तो बहुधा राहत नाही. फाइल वनड्राइव्हवर असून ऑटोसेव्ह चालू असेल तर बदल ताबडतोब जतन होतो. तेव्हा फाइल टॅबमधील ‘व्हर्जन हिस्टरी’तून आधीची प्रत मिळवावी. तरीही काढण्यापूर्वी पानाच्या टॅबवर उजवी कळ दाबून ‘मूव्ह ऑर कॉपी’ने पानाची एक नक्कल करून ठेवण्याची सवय मला अधिक भरवशाची वाटते.

रकाना काढायला नको, केवळ डोळ्यांआड करायचा असेल तर कंट्रोल आणि शून्य दाबून तो लपवता येतो. परत आणण्यासाठी त्याच्या दोन्ही बाजूंचे रकाने एकत्र निवडून उजव्या कळेने ‘अनहाइड’ म्हणावे. ए हाच लपलेला असेल तर डावीकडच्या नावाच्या चौकटीत ए१ लिहून एन्टर दाबावे आणि होममधील फॉरमॅटखाली ‘अनहाइड कॉलम्स’ निवडावे. वारंवार लपवणे-उघडणे होत असेल तर डेटा टॅबमधील ‘ग्रुप’ अधिक चांगले, कारण वर अधिक-वजाची खूण दिसत राहते आणि काहीतरी मिटलेले आहे हे पुढच्या माणसाला कळते.

परंतु लपवणे म्हणजे काढणे नव्हे, हे यादी इतरांना पाठवताना विशेष लक्षात ठेवावे. मोबाइल क्रमांकांचा रकाना लपवून फाइल संस्थेच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकली, तर घेणारा तो दोन टिचक्यांत उघडू शकतो. हीच फाइल सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांनी विभागलेला साधा मजकूर, म्हणून जतन केली तर लपवलेला रकाना त्यात सरळ येतो, आणि पल्ला कॉपी करून दुसरीकडे चिकटवला तरी तो सोबत जातो. आधार क्रमांक, जन्मतारीख, बँक खाते असे काही असेल तर नक्कल प्रतीतून तो रकाना खरोखर काढावा आणि मग फाइल टॅबमधील ‘चेक फॉर इश्यूज’खाली ‘इन्स्पेक्ट डॉक्युमेंट’ चालवून आणखी कोठे काही लपलेले नाही ना, ते पाहावे. वाचण्यापुरतीच यादी द्यायची असेल तर पीडीएफ द्यावी. तीत लपवलेले रकाने छापले जात नाहीत.

दर महिन्याला बँकेकडून किंवा एखाद्या संकेतस्थळावरून तीच तीस रकान्यांची फाइल येत असेल आणि त्यांतील पाचच हवे असतील, तर हाताने काढत बसू नये. डेटा टॅबमधून ती फाइल पॉवर क्वेरीत, म्हणजे बाहेरची माहिती आणून साफ करण्याच्या एक्सेलमधील साधनात, उघडावी, हवे ते पाच निवडावेत आणि ‘रिमूव्ह अदर कॉलम्स’ म्हणावे. मूळ फाइलला धक्का लागत नाही आणि पुढच्या महिन्यात नुसते ‘रिफ्रेश’ पुरते. नको ते निवडून ‘रिमूव्ह कॉलम्स’ करण्यापेक्षा हा उलटा मार्ग टिकाऊ आहे, कारण पाठवणाऱ्याने मधेच एखादा नवा रकाना घातला तरी तो आपल्या तक्त्यात शिरत नाही. हव्या असलेल्या रकान्याचे शीर्षक मात्र त्याने बदलले तर क्वेरी अडते आणि तो रकाना सापडला नाही असे सांगते.

पान संरक्षित असेल तर डिलीटचा पर्याय फिकट दिसतो. रिव्ह्यू टॅबमधून ‘अनप्रोटेक्ट शीट’ करावे लागते, आणि त्याला परवलीचा शब्द लागत असेल तर ज्याने पान बांधले त्याच्याशी बोलणे क्रमप्राप्त आहे.

लिबरऑफिस कॅल्कमध्येही शीर्षावर उजवी कळ आणि कंट्रोल-वजा हे दोन्ही मार्ग चालतात. तेथे बॅकस्पेस दाबल्यास काय काय पुसायचे हे विचारणारी खिडकी येते, रकाना जात नाही. वर्डमधील तक्त्यात मात्र गंमत उलटी आहे: रकाना निवडून डिलीट दाबले तर मजकूर जातो, आणि बॅकस्पेस दाबले तर आख्खा रकाना.