बर्फाचा उतार कसा ओळखाल: बेळगाव-खानापूरच्या ट्रेकर्ससाठी

जांबोटी-चोर्ल्याच्या पावसात तयार झालेले पाय हिमालयातही टिकतात, पण तिथला उतार वेगळा वाचावा लागतो. हिमस्खलनं बहुतेक ३० ते ४५ अंशांच्या उतारावर होतात. डोळ्यांचा अंदाज हमखास चुकतो. म्हणून जाण्याआधी राजहंसगडाच्या उतारावर काठी वरून खाली, उताराला समांतर टेकवून, तिच्यावर फोनचा कोनमापक ठेवून सराव कराच.

निघण्याआधी डीजीआरई या संरक्षण खात्याच्या संशोधन संस्थेचं हिमस्खलन बुलेटिन बघा. मोठ्या बर्फवृष्टीनंतर २४ ते ४८ तास असे उतार टाळा. वारा जोरात असेल तर नवा बर्फ न पडताही आडोशाच्या बाजूला थर साचतो. हे फार जण विसरतात.

पावलाखाली ‘धप्प’ असा दबका आवाज आला किंवा बुटापासून भेग धावत गेली, तर आतला कमकुवत थर मोडलाय. लगेच मागे फिरा.

शंका असेल तर सुरक्षित जागी बर्फाचा ३० सेंटिमीटर लांब-रुंद खांब कापा. वर फावडं ठेवून मनगटातून १०, कोपरातून १०, खांद्यातून १० थापा मारा. पहिल्या दहांतच थर सटकन सरकला, तर तो उतार सोडा. नाही सरकला, तरी तेवढ्यावर विसंबू नका.

उतार एकेकानेच ओलांडा. ट्रान्सीव्हर (गाडलेल्याचा ठावठिकाणा सांगणारं रेडिओ यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी), फावडं प्रत्येकाकडे हवं. गाडलेल्याला पहिल्या १५ मिनिटांत सोबत्यांनीच काढायचं असतं.